म्हसोबाखालचे पेव

वैशाख लागला की माझी सून ज्वारीची पत्र्याची कोठी अंगणात रिकामी करते, उन्हात तापवते आणि निवल्यावर पुन्हा भरते. ती आत गेली की मी त्या कोठीत कोपरापर्यंत हात घालतो. दाणे थंड लागतात. मी हात काढून घेतो. यंदा नातीने पाहिले. "आबा, काय शोधून राह्यले?" तिने विचारले. दाणे गरम आहेत का ते पाहतो, असे मी सांगितले. ती हसली. ज्वारी कशाला गरम असेल?

पेवातली ज्वारी गरम असते. पण नातीने पेव पाहिलेले नाही, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी आता बोलायला फारसे कोणी उरलेले नाही. पेव म्हणजे धान्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके, पोट मात्र रांजणासारखे. ते पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खणत. काळी माती भेगाळते आणि भेगांतून पाणी आत शिरते. आतून कडब्याचा जाड थर लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणाचा सडा. एकदा बंद केले की वर्षानुवर्षे उघडायचे काम नाही. त्या कोंडलेल्या काळोखात दाणा आतल्या आत उबत राहतो. त्याचा रंग तांबूस होतो, त्याला आंबूस वास येतो, आणि भाकरी खाल्ली तर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो. आमच्याकडच्या जुन्या माणसांना तो कडवटपणा आवडत असे. मला आवडत नाही, पण ओळखता येतो.

मी ज्या उन्हाळ्याविषयी लिहितो आहे तो निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला. जालना जिल्हा तेव्हा नव्हता. वाटूरजवळचे आमचे गाव परभणीत होते आणि राजूरच्या पलीकडचे माझ्या पत्नीचे माहेर औरंगाबादेत. आदल्या पावसाळ्यात कणसे भरलीच नव्हती. नुसती ताटे उभी राहिली आणि तीही जनावरांनी संपवली. संक्रांतीनंतर आमच्या घरातली कणगी रिकामी झाली. घरात आई, दोन धाकटे भाऊ, मी, माझी पत्नी गोदावरी आणि अजून पाऊल न टाकलेली आमची मुलगी अनसा. आम्ही चिंचोके भाजून, भिजवून, कुटून त्यांचे पीठ करीत होतो. त्या पिठाची भाकरी थापता येत नाही. ते नुसते शिजवायचे आणि गिळायचे. गोदावरीचे दूध आटत चालले होते. मुलगी रडायची, मग रडायची थांबली. रडणे थांबले याचे बरे वाटण्याइतका मी तेव्हा अजाण नव्हतो.

भुकेविषयी लोक पोटातल्या आगीबद्दल बोलतात. मला तसे काही आठवत नाही. मला आठवतो तो घरातला शांतपणा. भांड्याला भांडे लागत नाही, जाते फिरत नाही, कोणी कोणाला हाक मारीत नाही. माणसे बोलण्याइतकाही जोर जपून ठेवतात.

त्या शांततेत एका सकाळी चुलीपाशी बसलेली गोदावरी म्हणाली, "माझ्या बापाचं एक पेव हाये."

आईने मान वर केली. "कुठं हाये?"

"माहेरी. गोठ्यामागच्या पांढरीत. भरल्यालं हाये."

"अन् आम्ही चिंचोके खाऊन राह्यलो? आज सांगतीस व्हय गं?"

"बापानं शपथ घातल्ती, आत्या. लेव्हीवाल्यांना कळलं तर समद्यांना धरून नेतील, म्हणला."

लेव्ही म्हणजे लढाईच्या काळात सरकारने शेतकऱ्यावर बसवलेली धान्याची सक्ती. माणसे दारात यायची, लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहायची, कुठे पोकळ लागते का. माझ्या सासऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. त्यांना मुलगा नव्हता. मुलीला मदतीला घेऊन त्यांनी नवे पेव भरले, तोंड बुजवले, आणि ओढ्यातून एक गोटा आणून त्याला शेंदूर फासून बरोबर त्या तोंडावर बसवला. म्हसोबा. देवाच्या अंगाखाली सळई कोण खुपसणार? पुढे दीडएक वर्षात ते मुदतीच्या तापाने गेले. मागे घरात कोणी नव्हते, पेव तसेच राहिले.

"वर दगूड हाये," गोदावरी म्हणाली. "त्यो सारला की झालं."

आम्ही निघालो. बैलजोडीतला एक बैल होळीच्या सुमारास बसला तो उठला नव्हता. उरलेल्या बैलाच्या पाठीवर रिकाम्या गोण्या टाकल्या. गोदावरीने मुलीला झोळीत घेतले. पहाटे चालायचे, ऊन चढले की झाडाखाली पडायचे, उन्हे कलली की पुन्हा चालायचे. दुधनेच्या पात्रात पाणी नव्हते. बायका वाळूत झिरे खणून वाटीने पाणी भरीत होत्या. आम्ही मागितले तेव्हा एकीने आधी अनसाच्या तोंडाकडे पाहिले आणि मग वाटी पुढे केली. जालन्याच्या पेठेतून जाताना हातगाड्यांवर खरबुजे होती. गोदावरीने झोळीचे तोंड पदराने झाकून घेतले. मुलीला दिसू नये म्हणून, की तिला स्वतःला मुलीचे तोंड दिसू नये म्हणून, ते मी विचारले नाही.

त्या काळी बायको नवऱ्याच्या मागून चालत असे. आम्हीही जालन्यापर्यंत तसेच चाललो. जालना मागे पडल्यावर मात्र वाट तिच्या ओळखीची लागली आणि ती नकळत पुढे झाली. मी बैलाचा कासरा धरून मागे. तिच्या टाचांना भेगा पडलेल्या होत्या आणि ती पाऊल जरा तिरके टाकीत असे. लग्नाला चार वर्षे झाली होती. तिची चाल मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. आजकालची मुले प्रेमाविषयी पुष्कळ बोलतात. त्यांचे बरोबर असेल. माझ्याजवळ त्या विषयावर सांगण्यासारखे एवढेच आहे, की त्या वाटेवर मी रस्ता न पाहता चाललो.

राजूरच्या गणपतीची टेकडी डावीकडे ठेवून आम्ही तिच्या गावात शिरलो. गोठा पडला होता. गोठ्यामागे गेलो आणि गोदावरी थांबली.

दगडाला डोळे आले होते. चांदीचे, टपोरे, शेंदरात घट्ट बसवलेले. भोवती दगडांचा पार बांधलेला. शेजारच्या निंबाला चिंधीचे लहान लहान पाळणे लटकत होते. ज्यांना मूल हवे होते त्यांनी बांधलेले. समोर नारळाच्या करवंट्या, विझलेल्या पणत्या, कोंबड्याची वाळलेली पिसे. बापाने ठेवलेल्या झाकणासमोर लेक उभी होती आणि तिला ते ओळखू येत नव्हते.

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. तिचा चुलता आला, पाटील आले, मग सगळेच आले. खायला काही नसले की माणसांना कुठेही यायला सवड असते. एक म्हातारी पुढे होऊन माझ्याकडे आणि गोण्यांकडे पाहत म्हणाली, "जावई दसऱ्याला येतेत, ह्ये वैशाखात आले. त्येबी रिकाम्या गोण्या घेऊन. आता काय पाव्हणं, देव भरून नेतेत का काय?"

लोक हसले. ही भिवराबाई. सारे गाव तिला भिवरामाय म्हणे. तिच्या सुनेला कैक वर्षांनी मूल झाले होते ते या म्हसोबाच्या नवसाने. चांदीचे डोळे तिनेच बसवले होते, स्वतःच्या पाटल्या मोडून.

गोदावरीने सगळे सांगितले. लेव्ही, सळई, ओढ्यातला गोटा. गावाने ऐकून घेतले. पाटील शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं देव मांडला म्हंजे त्यो देव झाला. आता त्यो तुझा बी न्हाई अन् तुझ्या बापाचा बी न्हाई."

"देव न्हाई मांडला, काका. झाकण ठेवलं."

"मंग माझा नातू काय झाकणानं दिला व्हय गं?" भिवरामाय म्हणाली.

पुन्हा हसू. पण त्या हसण्याखाली भीती होती आणि ती मला स्पष्ट दिसत होती. पाऊस गेलेला, विहिरी तळाला, आणि अशा वर्षी गावाचा म्हसोबा हलवायचा? चुलता म्हणाला, "आधीच साल असं. त्यात देव उठवला अन् उद्या रोगराई आली, तर? गोदा, तू निघून जाशील. आम्ही हितंच ऱ्हाणार." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाही म्हटले असते.

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. परक्या गावात जावयाने बोलायचे नसते. आणि बोलायचे असते तरी काय बोलणार होतो? दगड दगडच आहे, हे त्या पाळण्यांखाली उभे राहून कोणाला पटले असते?

गोदावरीने झोळी सोडली. मुलीला हातात घेतले आणि पारावर, त्या चांदीच्या डोळ्यांसमोर ठेवले. अनसा उताणी पडून निंबाच्या पाळण्यांकडे पाहू लागली.

"ह्याच्या खाली ज्वारी न्हाई निघाली, न्हाईतर ह्याला राग आला, तर त्यो हिच्यावर," गोदावरी म्हणाली. "गावावर न्हाई. माझ्या लेकीवर. समद्यांनी ऐकून घ्या."

कोणी हसले नाही. भिवरामाय म्हणाली, "असं बोलू न्हाई, पोरी." पण बोलून झाले होते.

पाटलांनी बराच वेळ विचार केला. मग निवाडा दिला. ज्याच्या हाताने मांडला त्याच्याच रक्ताने उचलायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि खालून जे निघेल त्यातले निम्मे देवाचे, म्हणजे गावाचे. गोदावरीने मान हलवली. तिने पदर कमरेला खोचला, दगडाला मिठी घातली आणि तो उचलून निंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. शेंदूर तिच्या छातीला, गळ्याला, हनुवटीला लागला. ती तेव्हा मूठभर उरली होती. ताकद कुठून आली, मला माहीत नाही.

पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते. आतली हवा माणूस मारते. फरशी सरकवली तेव्हा एक उबट, आंबूस लोट वर आला आणि पुढे झुकलेली माणसे मागे सरली. घोंगडी दोरीला बांधून आत सोडायची आणि वर ओढायची, सोडायची आणि ओढायची. तशी हवा बाहेर काढली. मग गाडग्यात दिवा ठेवून खाली सोडला. विझला. पुन्हा घोंगडी. पुन्हा दिवा, पुन्हा विझला. सगळे गाव भोवती उकिडवे बसून त्या दिव्याकडे पाहत होते. वासाने पोरांच्या तोंडाला पाणी सुटलेले, आयांनी त्यांचे दंड घट्ट धरलेले. मी आयुष्यात नंतर कोर्टाचे निकाल ऐकले, रुग्णालयाच्या दारात बसलो. पण तसे वाट पाहणे पुन्हा वाट्याला आले नाही. शेवटी दिवा जळत राहिला. मी उतरलो.

कडेची ज्वारी काळी पडून ढेकळे झाली होती. मी ती हाताने उकरली. आत बोटे गेली आणि दाणे सुटे लागले. गरम. तापलेल्या जनावराच्या अंगासारखे. मी मूठ भरून वर धरली. वरून कोणीतरी ती घेतली.

त्या दुपारी गावात जाती फिरू लागली. आधी एक, मग शेजारच्या घरातले, मग सगळ्या आळ्यांतून. बायका ओव्या म्हणत नव्हत्या, तेवढा दम नव्हता, नुसती घरघर. मला संगीतातले काही कळत नाही. पण आजही एखाद्या पिठाच्या गिरणीसमोरून जाताना माझी पावले मंदावतात.

भिवरामायने आपल्या वाट्यातली पहिली ओंजळ बुंध्याशी बसवलेल्या म्हसोबापुढे ठेवली. मग ती आमच्याकडे आली, ज्वारीच्या कण्यांची पातळ आंबील घेऊन, आणि अनसाला बोटाने चाटवू लागली. मुलीने दोन बोटे चाटली आणि तोंड फिरवले. "येवढंच?" म्हातारी तिला म्हणाली. "तुझ्या आईनं देव उचलला, अन् तुला बोट उचलंना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गोण्या भरून निघालो. घरी आई आणि भाऊ वाट पाहत होते. राजूरची टेकडी ओलांडली, ऊन चढले, आणि झळा लागू लागल्या. आम्ही एका बाभळीखाली थांबलो. गोदावरीने झोळी उघडली. मुलीचे अंग भाजत होते. डोळे वर गेलेले, ओठ कोरडे. सोबतच्या वाळक्या भोपळ्यातले पाणी पाजले. ते कडेने ओघळले.

"फिरा मागं," गोदावरी म्हणाली.

"जालना जवळ आहे. तिथे हकीम आहे."

"हकीम न्हाई. मागं फिरा. म्हसोबाकडं."

"तो दगड आहे. तुझ्या बापानं ठेवला. तूच म्हणालीस."

"ठेवला व्हता," ती म्हणाली. "मी लेक लावली न्हवं त्याला? आता त्यो दगूड न्हाई."

सगळ्या गावाने त्याला देव मानला तेव्हा ती एकटी त्याला झाकण म्हणत उभी राहिली होती. आता त्या रानात, बाभळीच्या विरळ सावलीत, त्याच्यावर तिच्याइतका विश्वास ठेवणारे माणूस दुसरे कोणी नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. गळ्यावरचा शेंदूर अजून पुसलेला नव्हता. हकिमाकडे जाणे शहाणपणाचे होते की नाही यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मुलगी तेव्हा कोणत्याही हकिमाच्या हाताबाहेर गेलेली होती, असे मला वाटते. मी बैल वळवला. देवासाठी वळवला नाही. पुढे जालन्याकडे चाललो असतो तर ती बाई मनाने तिथेच बाभळीखाली राहिली असती, आणि मला ती घरी न्यायची होती.

उन्हे कलली तेव्हा आम्ही पुन्हा गावात आलो. भिवरामायने आम्हाला लांबून पाहिले. तिने झोळीतून मुलगी घेतली, मांडीवर ठेवली, ओले फडके टाकले, कांदा ठेचून तळव्यांना लावला. गोदावरी म्हसोबापुढे पालथी पडली होती. माणसे जमली. दिवस मावळायच्या आधी, म्हातारीच्या मांडीवर, मुलगी गेली.

मागून कोणीतरी हळू म्हणाले, "घेतलं म्हसोबानं. बोलल्ती न्हवं?"

भिवरामाय उठली नाही. मांडीवर ते लेकरू तसेच होते. तिने मान वळवून सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कोण बोललं? म्होरं ये. त्यानं मला नातू दिला, तर त्यो लेकराचा भुका हाये व्हय? उन्हानं नेली हिला. भुकंनं नेली. चिंचोक्यानं नेली. आपल्याला पाऊस न्हाई, दाणा न्हाई, अन् बोल देवाला? बिलकुल न्हाई चालायचं." मग ती गोदावरीला म्हणाली, "ऊठ गं पोरी. ह्यानं तुझं बोलणं घेतलंच न्हवतं. मी हितंच उभी व्हते. मला म्हाईत हाये."

त्या म्हातारीचा देवावर पूर्ण विश्वास होता. म्हणून तिचे म्हणणे गोदावरीला ऐकावे लागले. माझ्यासारख्याने तेच सांगितले असते तर त्याला किंमत नव्हती.

लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत. ओढ्याच्या काठी, जिथून तो गोटा आणला होता त्याच वळणावर, मी आणि चुलत्याने खड्डा घेतला. माती कठीण होती.

माणूस कशाने टिकतो असे तरुण लोक विचारतात. भाषणाला बोलावतात, हार घालतात आणि विचारतात. त्यांना वाटते जुन्या पिढीजवळ काही मंत्र होता. आमच्याजवळ काहीही नव्हते. घरी उपाशी बसलेली माणसे होती आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट होती. पुढे आम्हाला मुले झाली. राजवट गेली, जिल्हा बदलला, आम्ही जालन्यात घर केले. गोदावरी गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. अनसाविषयी आम्ही आयुष्यात फारसे बोललो नाही. बोललो नाही म्हणजे विसरलो, असे नाही. दोघांनाही जे माहीत आहे ते एकमेकांना सांगायची गरज पडली नाही.

त्या रात्रीनंतरची सकाळ मात्र सांगायला हवी. आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. गोदावरी भिवरामायच्या ओट्यावर बसली होती, भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर उपडे. कालपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मला वाटत होते की ती उठणार नाही. बैल जसा होळीला बसला आणि उठला नाही, तशी. म्हातारीने आपल्या वाट्याच्या ज्वारीची भाकरी भाजून आणली. तांबूस, जाड, कडेने करपलेली. वर मीठ आणि कांदा. तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली.

"खा," ती म्हणाली. "लई लांब जायचं हाये तुला."

गोदावरी भाकरीकडे पाहत राहिली. बैलाने शेपटी झटकली. चुलता वेशीपाशी थांबला होता. मी गोण्यांची दोरी ओढून पुन्हा बांधली, कारण हातांना दुसरे काम नव्हते. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला आणि तोंडात घातला. चावताना तिच्या गालावरून पाणी वाहत होते आणि तिने ते पुसले नाही. दुसरा तुकडा मोडला. सगळी भाकरी तिने खाल्ली, बोटाला चिकटलेले मीठही चाटले, आणि उठली.